गिऱ्हाईक सतरा इंची मागतंय? आधी टेप काढा



या आठवड्याचा व्हिडिओ टायर आणि अलॉय व्हीलच्या दुकानदारांसाठी होता. व्हिडिओत आकडेमोडीला वेळ पुरत नाही, आणि फळ्यावरचे आकडे मोबाइलवर धड दिसतही नाहीत. म्हणून ती इथे सविस्तर देतोय. पण त्याआधी माझं मत सांगून टाकतो, कारण ते पटणार नसेल तर पुढचे आकडे वाचून उपयोग नाही. टायरच्या धंद्यात गिऱ्हाईक मागेल ती साइज चढवून देणं याला मी चांगली सेवा मानत नाही. गाडीत न बसणारी साइज मागणाऱ्याला "दादा, ही मी लावणार नाही" असं सांगता आलं पाहिजे. आणि ते सांगताना तुमच्या हातात माप पाहिजे, नाहीतर तो नुसता उर्मटपणा वाटतो.

किराणा दुकानात गिऱ्हाईकाला आवडेल तो साबण द्या, काही बिघडत नाही. इथे गिऱ्हाईक तुमच्याकडून निघून हायवेला लागतं, गाडीत बायको-मुलं असतात, आणि रस्त्याला टेकलेली असते ती फक्त चार तळहातांएवढी रबराची जागा. एवढा फरक आहे.

आता साधं उदाहरण घेऊ. पोरगा स्विफ्ट घेऊन येतो, मोबाइलवर रील दाखवतो आणि म्हणतो, "काका, असे सतरा इंची बसवा ना." आपल्याकडचे बरेच दुकानदार दोनच गोष्टी बघतात: रिमला चार होल आहेत का आणि सेट स्टॉकमध्ये आहे का. असेल तर गाडी जॅकवर. खरं काम तर इथून पुढे सुरू व्हायला हवं.

टायरवर १८५/६५ आर१५ लिहिलेलं असतं. त्यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटर नाही, रुंदीच्या ६५ टक्के. म्हणजे १८५ चे ६५ टक्के, १२०.२५ मिमी. भिंत वरही आहे आणि खालीही, म्हणून दुप्पट, २४०.५. मधला रिम १५ इंचाचा, एक इंच २५.४ मिमी, म्हणजे ३८१. बेरीज केली की चाकाचा पूर्ण व्यास ६२१.५ मिमी. एवढंच गणित आहे, सातवीतलं. पण ते काउंटरवर गिऱ्हाईकासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवा. समोरचा माणूस लगेच वेगळ्या नजरेने तुमच्याकडे बघायला लागतो.

स्विफ्टचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण कंपनीनेच ही गाडी दोन मापांत विकली आहे. खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५. पहिल्याचा व्यास काढा: १६५ चे ८० टक्के १३२, दुप्पट २६४, अधिक १४ इंचाचे ३५५.६, एकूण ६१९.६. दुसऱ्याचा ६२१.५. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही! रिम एक इंचाने वाढला, टायर वीस मिलिमीटरने रुंद झाला, पण चाक तेवढंच राहिलं. कंपनीच्या इंजिनिअरनी हेच सांभाळलंय, आणि आपल्यालाही हेच सांभाळायचंय. रिम वाढवायचा तर भिंत त्या हिशेबाने कमी करायची आणि बाहेरचा व्यास हलू द्यायचा नाही.

याच हिशेबाने पुढे जा. १६ इंचात १९५/५५ आर१६ चा व्यास येतो ६२०.९. झकास. १७ इंचात २०५/४५ आर१७ चा ६१६.३, म्हणजे मूळ चाकापेक्षा साधारण पाऊण टक्का लहान, तेही चालेल. पण तोच सतरा इंची रिम आणि त्यावर स्टॉकमध्ये पडलेला २०५/५० आर१७ चढवला तर ६३६.८, म्हणजे अडीच टक्के मोठं. आणि "पंधराच इंच ठेवा, पण टायर जाडजूड हवा" म्हणणाऱ्याला कुणी २०५/६५ आर१५ लावून दिला तर ६४७.५, चार टक्क्यांहून जास्त मोठं. गंमत बघा, या शेवटच्यात रिम बदललेलाच नाही. गिऱ्हाईकाला वाटतं आपण काहीच वेगळं केलं नाही.

चार टक्क्यांनी काय होतं? स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठं झालं की प्रत्येक फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण काट्याला ते कळत नाही. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ ने पळत असते. स्पीड कॅमेरा काट्याकडे बघून पावती फाडत नाही. शिवाय ओडोमीटर १०० किलोमीटरला ९६ च मोजतो, म्हणून महिनाभराने गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "तुमच्या टायरने अ‍ॅव्हरेज पडलं." थोडं खरंच पडलेलं असतं, रुंद टायर पेट्रोल खातो. उरलेलं मोजणीतच पडलेलं असतं. हे त्याला आधी सांगितलं असतं तर भांडण झालंच नसतं. माझा साधा दंडक आहे: मूळ व्यासापासून दोन-तीन टक्क्यांच्या आत राहा, आणि त्यातही वर जाण्यापेक्षा किंचित खाली गेलेलं बरं.

व्यास जमला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. जास्तीत जास्त तक्रारी ज्यातून येतात ती गोष्ट पुढेच आहे, आणि ती टायरवर लिहिलेलीच नसते.

ती म्हणजे ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला 'ईटी ४५', 'ईटी ३५' असं कोरलेलं असतं. रिमची रुंदी मधोमध कापली अशी कल्पना करा. त्या मध्यरेषेपासून रिम हबला टेकतो ती जागा किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो हा आकडा. आकडा जितका कमी, तितकं चाक मडगार्डच्या बाहेर येतं. समजा गाडीचं मूळ रिम ६ इंच रुंद, ईटी ४५. तुम्ही लावलं ७ इंच रुंद, ईटी ३५. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट दहाने घटला, म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला एकूण २२.७ मिमी वाढलं आणि आत फक्त २.७. जवळजवळ सव्वादोन सेंटिमीटर बाहेर! दुकानासमोर रिकामी गाडी उभी असताना ते फार देखणं दिसतं. मग मागच्या सीटवर तिघं बसतात, डिकीत गावाकडचं तांदळाचं पोतं पडतं, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला मडगार्डची कड टायरमध्ये घुसते. तोच ७ इंची रिम ईटी ४५ चा असता तर दोन्हीकडे १२.७ वाढले असते. बाहेर बरं, पण आत शॉकअपला टेकतं का ते बघावं लागलं असतं. म्हणून नुसतं "सात इंची आहे" या माहितीला अर्थ नाही. दोन्ही आकडे पाहिजेत.

बरेच जण इथे स्पेसर लावून वेळ मारून नेतात. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला स्पेसर नकोच. बरोबर ऑफसेटचं रिम मागवून घ्या, गिऱ्हाईकाला चार दिवस थांबवा. थांबतं ते.

पीसीडीबद्दल लवकर सांगतो, कारण हे बहुतेकांना माहीत आहे. स्विफ्ट, आय२०, होंडा सिटी ४×१००. फोर्डची फिगो ४×१०८. पोलो ५×१००. क्रेटा, इनोव्हा क्रिस्टा ५×११४.३. चार होल म्हणजे सगळं सारखं असं नसतं. आणि ५×११२ चं रिम ५×११४.३ च्या हबवर "थोडं जोर लावून" बसवणारे महाभाग आहेत. नट तिरका बसतो आणि स्टडवर सतत ताण राहतो. हे दुकानात होऊ देऊ नका, कामगाराने हुशारी दाखवली तरी.

पण मधल्या होलकडे फार कमी जण बघतात. स्विफ्टच्या हबचा मधला गोल ५४.१ मिमी असतो. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून ६७.१ किंवा ७३.१ च्या होलची बनवतात. मधली मोकळी जागा भरायला रिंग येते, हब रिंग. ती घातली नाही तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात येतं, आणि आलं तर नशीब. मग ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. आमच्या एका बॅचमधल्या दुकानदारांकडे असाच एक गिऱ्हाईक दुसरीकडून आला होता. आधीच्या दुकानात तीनदा बॅलन्सिंग झालं, एकदा अलाइनमेंट झालं, प्रत्येक वेळी पैसे घेतले आणि शेवटी "गाडीचे बुश गेलेत" असं सांगितलं. यांनी चाक उतरवलं, होल मोजलं, चार रिंगा टाकल्या. थरथर बंद. त्या रिंगांची किंमत चहा-नाश्त्याच्या खर्चातली. तो माणूस नंतर सोसायटीतल्या किती गाड्या घेऊन आला ते त्यांनी मोजून सांगितलं होतं, पण मी इथे आकडा टाकत नाही, तुम्हाला थाप वाटेल.

नटांचंही तसंच. होंडाच्या मूळ रिमला नटाची बैठक गोल असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूसारखी. गोल नट शंकूच्या खाचेत कितीही आवळला तरी पूर्ण टेकत नाही. आट्यांचं बघा: मारुतीला एम१२×१.२५, होंडा-ह्युंदाईला एम१२×१.५. चुकीचा नट गनने दाबून चढवला तर चढतो, आणि स्टडचे आटे मारून टाकतो. नट नवे दिले असतील तर जुने नट एका पिशवीत घालून डिकीत ठेवा. स्टेपनी जुन्याच लोखंडी रिमची असते आणि तिला जुनेच नट लागतात. रात्री अकरा वाजता खंबाटकी घाटात पंक्चर झालं की गिऱ्हाईकाला त्या पिशवीची किंमत कळते. आणि हो, शेवटचा पाना टॉर्क रेंचचाच, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावून. ८०-१०० किलोमीटर चालवून परत आवळून घ्यायला बोलवा. फुकट. तेवढ्या निमित्ताने गाडी पुन्हा दुकानात येते, हे वेगळं सांगायला नको.

आता त्या सतरा इंचीकडे परत येऊ. मघाशी म्हटलं की २०५/४५ आर१७ व्यासाने बसतो. मग देऊन टाकायचा का? इथे माझं आणि बऱ्याच दुकानदारांचं पटत नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं वजन. साइजनंतर येणारा आकडा, ८८एच वगैरे, त्यातले ८८ म्हणजे लोड इंडेक्स: एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. २०५/४५ आर१७ चा साधा टायर ८४ चा असतो, म्हणजे ५०० किलो. टायर रुंद झाला, महाग झाला, दिसायला दणकट झाला आणि पेलण्याची ताकद प्रत्येकी ६० किलोने कमी झाली! गिऱ्हाईकाला हे सांगा, त्याचा विश्वास बसणार नाही. कुणी म्हणेल, चार टायरचे दोन हजार किलो होतात, स्विफ्ट भरूनसुद्धा तेवढी नसते. बरोबर आहे. पण गाडी कायम चारही टायरवर सारखी उभी नसते. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, खड्ड्यात एकाच चाकावर आदळतं. कंपनीने ठेवलेली सूट आपण का खायची? याच साइजमध्ये एक्स्ट्रा लोडचा ८८ चा टायर मिळतो. द्यायचाच असेल तर तो द्या, आणि त्यात हवा किती ठेवायची ते टायर कंपनीच्या तक्त्यातून बघून लिहून द्या. दाराच्या खांबावरचा स्टिकर जुन्या साइजचा असतो, हे विसरू नका.

दुसरं कारण आपले रस्ते. १६५/८० ची भिंत १३२ मिमी, १८५/६५ ची १२०, १९५/५५ ची १०७ आणि २०५/४५ ची ९२. भिंत म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यातली गादी. ती चार सेंटिमीटरने पातळ करून तुम्ही गाडी पावसाळ्यात, पाणी भरलेल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर सोडताय. रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात टायर चिमटला की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, आणि बहुधा वॉरंटीत बसत नाही, कारण तो मार लागल्याचा प्रकार धरतात. मग गिऱ्हाईक टायर कंपनीशी भांडत नाही, तुमच्या काउंटरवर येतं. म्हणून माझं स्पष्ट मत: आपल्याकडच्या स्विफ्टसारख्या गाडीला १६ इंचावर थांबा. १९५/५५ आर१६ ८७ चा मिळतो, ५४५ किलो, म्हणजे १४ इंची मॉडेलच्या ८५ पेक्षा जास्तच. पण पंधरा इंची मॉडेलवाल्याला, ज्याच्याकडे मुळात ८८ आहे, तिथेही हा एक आकडा खाली जातो हे तोंडाने सांगा. लपवू नका. मोठी चाकं फार बसवून द्यायची असतील तर त्यासाठी मोठ्या गाड्या आहेतच.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. "सर, मी नाही दिली तर समोरचा देतो. गिऱ्हाईक गेलं, मग?"

जाऊ द्या, असं मी म्हणणार नाही. महिन्याचं भाडं आणि कामगारांचे पगार तुम्हाला भरायचे असतात, मला नाही. म्हणून हिशेब करू. समजा एका सेटचं बिल ४५,००० आणि त्यात तुमचे सुटतात ६,०००. (तुमचा खरा आकडा टाकून बघा.) चाक घासतंय म्हणून दहा दिवसांनी सेट परत आला. रिमवर ओरखडे, टायर वापरलेले, नवे म्हणून विकता येत नाहीत. सहज १२,००० चा फटका, म्हणजे दोन चांगल्या सेटची कमाई एका परतीने खाल्ली. वर जॅक अडकून राहिला, शनिवारची संध्याकाळ भांडणात गेली, आणि गूगलवर एक तारा मिळाला तो वेगळाच. समोरच्याने ते गिऱ्हाईक घेतलं तर त्याने तुमचा तोटाही घेतला, असा हिशेब मांडायला काय हरकत आहे?

आणि नकार एकटा द्यायचाच नाही. "सतरा बसत नाही" म्हणून गप्प बसलात तर गिऱ्हाईक गेलंच. "सतराने तुमच्या गाडीचं हे हे होईल, हा बघा आकडा. सोळामध्ये हे तीन डिझाइन आहेत, एक रिम चढवून दाखवतो," असं म्हटलं तर दहातले बरेच जण सोळा घेतात. फक्त चढवून दाखवताना आधी नुसतं रिम चढवा, टायर न लावता. कॅलिपरला टेकतं का, हबवर सपाट बसतं का, ते बघा. मग एकाच रिमला टायर लावा, पुढच्या चाकाला घाला, गाडी खाली उतरवा, दोन माणसं आत बसवा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि शॉकअप आणि टायरमध्ये बोट जातं का बघा. नंतर मागच्या चाकाला हाच प्रयोग. वीस मिनिटं लागतात. चारही टायर चढवल्यावर लक्षात आलं तर टायर वापरलेला झाला, मग तो कुणाचा यावरून वाद.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीतला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टूरिस्ट गाडी असेल तर जास्तच जपा. व्यावसायिक वाहनाच्या नोंदणीच्या नमुन्यात टायरच्या आकाराचा रकानाच असतो. म्हणून सगळ्यात निर्धोक साइज कोणती, तर त्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीनेच दिलेली. १४ इंची स्विफ्टवाल्याला १५ इंची १८५/६५ सुचवा. बऱ्याच जणांचं समाधान तिथेच होतं. त्यापुढे जायचं असेल तर विमा कंपनीला लेखी कळवायला सांगा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर चाकं बघतो.

तुम्ही दुकानदार नसाल, गाडीमालक म्हणून हे वाचत असाल, तर टायरवाल्याला पाच गोष्टी विचारा: व्यास, ऑफसेट, मधलं होल, लोड इंडेक्स, नट. तो वैतागला तर पुढचं दुकान बघा. टायरवर आणि रिमवर आयएसआयची खूणही बघा.

दुकानदारांना एकच काम देतो. साताऱ्याकडचे आमचे एक टायरवाले दादा दोनशे पानी वही ठेवतात. गाडीचं मॉडेल आणि वर्ष, मूळ साइज, लावलेली साइज, रिमची रुंदी, ईटी, रिंग लावली की नाही, आणि महिन्याभराने फोन करून विचारलेलं: घासतं का, थरथरतं का. त्यांच्याकडे आता कुठल्या गाडीला काय चालतं याचं उत्तर कंपनीच्या सेल्समनपेक्षा आधी मिळतं, आणि स्टॉकही ते त्या वहीवरूनच भरतात. हेच तपशील बिलावरही छापतात. "१ सेट अलॉय" एवढं लिहिलेलं बिल ग्राहक आयोगात तुमच्या कामाचं नाही. साइज, ईटी, लोड इंडेक्स आणि ठेवायची हवा लिहिलेलं बिल कामाचं आहे. त्यांनी ते छापायला सुरुवात केली तेव्हा मुलगा म्हणाला होता, "बाबा, एवढं कोण वाचतं?" आता बिल तोच बनवतो.

चुकीच्या साइजचे जे सेट तुमच्या माळ्यावर पडलेत, त्यांचं काय करायचं, ते पुढच्या व्हिडिओत. तोवर माळ्यावर चढून प्रत्येक रिमची रुंदी, पीसीडी, ईटी आणि मधलं होल एका कागदावर उतरवून ठेवा. व्हिडिओ बघताना तो कागद समोर लागेल.